तोंड फिरवा, मामंजी

"वहिनी, आज डब्यात कालवण किती नि थापा किती?"

लाँचच्या काठावरून खाली वाकून दिगू विचारत होता. मी खाली होडीत. अंगाभोवती रिकाम्या पाट्यांची उतरंड, मांडीवर डबा, डब्याशेजारी मामंजींची बॅटरी. तिच्यात नवे सेल घालून आणायला त्यांनीच निरोप धाडला होता.

"कालवण बोंबलाचं," मी म्हटलं. "आणि थाप एकच. येताना देवमासा भेटला. होडीला पाठ घासून गेला."

"हो? किती मोठा होता?"

"आधी पाट्या घे. मग सांगते."

ते सांगायचं राहिलंच.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आज नातवंडं म्हणतात, आजीचं एक वाक्य खरं निघालं तर तिला पेढे वाटू. वाटू देत. पण ही गोष्ट मी त्यांना सात-आठ तऱ्हांनी सांगितलीय. एकदा खणात वेताळ बसवला, एकदा सात फण्यांचा साप. आज दमलेय. आज जशी झाली तशीच सांगते.

ओहोटी होती. आमची लाँच धक्क्याला लागेना, म्हणून खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी. दहा-साडेदहाचं ऊन. लाँच नऊ दिवसांनी परत आली होती. पाचव्या दिवशी इंजिन बसलं, मग चार दिवस नुसतीच वाहत गेली. शेवटी दुसऱ्या लाँचनं दोर टाकून ओढून आणली. बर्फ वितळला, चांगली मासळी सडली, ती समुद्रात ओतली. उरला तो कुटा, म्हणजे खताला जाणारी बारीकसारीक मासळी. तो तसाच खणात, बर्फाच्या पाण्यात भिजत पडलेला. लाँचच्या पोटात मासळी भरायची अंधारी खोली असते, तिला आम्ही खण म्हणतो. वर माणूस मावेल एवढं चौकोनी तोंड, त्यावर लाकडी झाकण. वासानं जीव नकोसा झाला म्हणून ह्यांनी ते झाकण चार दिवस ताडपत्री घालून आवळून ठेवलं होतं.

खलाशी पहिल्या होडीनं घरी जाऊन झोपले होते. लाँचवर राहिले घरचे तिघं. माझे सासरे भिवा, लाँच चालवणारे तांडेल, माझा नवरा आणि धाकटा दीर दिगू. चार दिवसांत कुणी धड पाठ टेकली नव्हती. तिघांकडे बघितलं तर पिळून वाळत टाकलेली फडकी बरी दिसली असती.

"अहो, आधी दोन घास खाऊन घ्या," मी नवऱ्याला म्हटलं.

"खण रिकामा केल्याबिगर जेवायचं नाय," वरून मामंजी बोलले. "भरती लागायच्या आत कुटा खाली गेला पाहिजे. मग काय झोपायचं ते झोपा."

मी वर जायचा प्रश्नच नव्हता. आमच्या बंदरात तेव्हा बाईनं लाँचवर पाय ठेवायचा नसे. ठेवला तर जाळं वर्षभर रिकामं येतं म्हणत. बाईनं खाली होडीत बसायचं, पाट्या झेलायच्या, धक्क्यावर न्यायच्या. लाँचवर देवी होती, तिला चालायची नाही म्हणे बाई. देवी पण बाईच, पण ते कोण बोलणार!

दिगूनं ताडपत्री सोडली, झाकण उचललं. आणि तो वास! सडक्या अंड्यांचा डोंगर फुटावा तसा. मी खाली होडीत, तरी डोळ्यांना पाणी आलं.

"आई गो! देवानं नाक दिलं कशाला!" दिगू ओरडला.

"कोळंबी खाताना बरं लागतं नाक," माझा नवरा म्हणाला. "उतर. म्हणे तांडेलाचा पोरगा."

दिगू शिडीवर उतरला. काठावर चढून बसले असते तर दिसला असता, पण खालून मला त्याचा नुसता आवाज येत होता. दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. मग तो हसला.

"दादा, वास गेला रे! काय पण वास येत नाय आता!"

मी होडीत ताडकन उभी राहिले.

का, ते सांगायला त्याच्या आधीच्या पावसाळ्यात जायला हवं. मासेमारी बंद होती. शाळेच्या हॉलमध्ये मत्स्य खात्याचा एक साहेब आला, लाँचवर विषारी वायू लागला तर काय करायचं ते सांगायला. पुरुषांना पत्ते खेळायचे होते. त्यांनी खुर्च्या भरायला बायकांना पाठवलं. चहा आणि खारी होती, आम्ही गेलो. साहेबाला वायू लागलेला एक माणूस हवा होता. कुणी पुढं होईना, तर मी जाऊन टेबलावर आडवी झाले. बाकीच्या पदरात तोंड घालून हसत होत्या. मी डोळे मिटून पडले आणि साहेबाचं सगळं ऐकलं. दुसरं करणार काय, मेलेल्या माणसाला उद्योग काय असतो!

साहेब म्हणाले, सडक्या मासळीचा वायू आधी वास मारतो, मग नाक मारतो, मग माणूस. वास यायचा थांबला की समजा नाक मेलं, पळा. आणि म्हणाले, अशा जागी पहिला मरतो तो कामाला उतरलेला. दुसरा, तिसरा, चौथा मरतो तो पहिल्याला काढायला उतरलेला. कमरेला दोर बांधल्याशिवाय, आत वारा सोडल्याशिवाय, बापानंही उतरायचं नाही.

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. पण कसं सांगितलं! म्हटलं, साहेबानं मला तीन मिनिटं ठार मारलं. मी वर जाऊन यमाला बघून आले. त्याच्या रेड्याला शेपूटच नव्हती. दिगू हसून हसून लोळला. महिनाभर घरात त्या रेड्याचीच गोष्ट. नाकाचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

"दिगू, वर ये!" मी होडीतून किंचाळले. "वास गेला म्हणजे नाक मेलं! वर ये!"

"रेडा आला काय गो वहिनी?" खणातून आवाज आला. "शेपूट बघ आहे का!"

"खरं सांगतेय मी! अहो, त्याला वर काढा!"

नवरा काठाशी येऊन माझ्याकडे बघून हसला. दमलेला माणूस हसतो तसं, अर्ध्या तोंडानं. "तुझं आपलं काय तरी," म्हणाला.

तेवढ्यात आत धप्प झालं. ओली पाटी पडावी तसं.

"दिगू?" नवरा वळला. "अरे दिगू!"

मी "उतरू नका" म्हणेपर्यंत तो उतरलाही होता. आणि दुसरं धप्प झालं.

मग मी कशी चढले ते मला विचारू नका. लाँचच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून टायर बांधलेले असतात. त्यातल्या एकात पाय घातला, एकाला हात घातला आणि पातळ गुडघ्यापर्यंत फाडून वर. मामंजींचा एक पाय खणात गेला होता, दुसरा काठावर. मी तो दुसरा पाय दोन्ही हातांनी धरला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, सासऱ्याच्या पायाला वाकून नमस्काराशिवाय हात लावला नव्हता.

"सोड! माझी दोन्ही पोरं आत आहेत!"

"उतरू नका, मामंजी. तुम्ही तिसरे व्हाल."

"सोड म्हणतो ना! दिगू खाली आहे, दिगू!"

मी खणात डोकं घातलं, लगेच बाहेर काढलं. एक घोट घशात गेला तेवढ्यात, तर कपाळावर कुणी घण मारावा तसं झालं.

"दिगू गेला, मामंजी," मी म्हटलं. "मी बघितलं. डोळे उघडे आहेत त्याचे. पापणी हलत नाय. गेला तो. पण हे शिडीच्या पायाशीच आहेत, ह्यांची बोटं हलताहेत. ह्यांना वरूनच काढता येईल. आकडी कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उन्हानं, मिठानं, जागरणानं लाल झालेले डोळे. मग त्यांनी खणातला पाय हळूच वर घेतला.

आकडी म्हणजे लांब बांबूला लोखंडी हूक. पाण्यावर तरंगणारं जाळ्याचं बोयरं धरून ओढायला लागतं ते. मामंजींनी ती खणात सोडली. तोंड एका बाजूला, श्वास धरून. दोनदा हुकली. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याच्या चड्डीच्या पट्ट्यात अडकली. आकडीच्या मागच्या टोकाला बांधलेला दोर आम्ही जाळं ओढायच्या कप्पीवरून घेतला आणि दोघांनी मिळून ओढला. माणूस कमरेत दुमडून वर आला, घडी घातलेल्या चादरीसारखा.

वाऱ्याच्या बाजूला नेऊन उताणा टाकला. ओठ जांभळे. छाती हलेना. मी गळ्याची बटणं तोडली, मान मागं केली, हनुवटी वर उचलली. साहेबानं माझी उचलली होती तशी.

मग मी थांबले. पुढं काय करायचं ते मला माहीत होतं, आणि समोर सासरा उभा होता.

"तोंड फिरवा, मामंजी."

"काय?"

"मी आता करणार ते सासऱ्यानं बघायचं नसतं. तोंड फिरवा."

ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मी नवऱ्याचं नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड ठेवलं आणि फुंकलं. छाती वर आली. सोडली. पुन्हा. त्याच्या तोंडाला तोच सडका वास होता. तो वास आजही कधी मध्येच येतो, मग मी जेवत नाही त्या दिवशी.

किती वेळ केलं कुणास ठाऊक. माझ्याच डोळ्यांपुढं काजवे यायला लागले. शेजारच्या लाँचवरचा धोंडू माझा आरडाओरडा ऐकून होडी घेऊन आला, तो वर चढला आणि बघतच राहिला.

"अरे देवा! ही काय करते, तांडेल?"

"तोंड फिरव," मामंजी समुद्राकडे बघत म्हणाले.

"फीट आलीय काय? कांदा हुंगवा! थांबा, चप्पल हुंगवू!"

"कांदा कालवणात घाल तुझ्या!" मी मधल्या श्वासात ओरडले. पुन्हा फुंकलं.

"मग पाणी तरी पाजा!"

"पाणी नको! फुप्फुसात जाईल! ताडपत्री घे आणि खणाच्या तोंडावर तिरकी बांध, वारा आत जाऊ दे. आणि उतरायचं नाय कुणी!"

धोंडू मामंजींकडे बघू लागला. बाई लाँचवर, आणि वर हुकूम सोडतेय. मामंजी म्हणाले, "सांगते तसं कर."

मग माझ्या नवऱ्याच्या घशात कायतरी खरखरलं. मी त्याला पटकन कुशीवर वळवला. तो ओकला, माझ्या मांडीवर, पातळावर. मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

मामंजी वळले. पोराच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि खणाकडे गेले.

"आता दिगू."

"मामंजी, तो गेलाय. दीडेक तास वारा खेळू दे आत. मग दोर बांधून धोंडू उतरेल."

ते खणाच्या काढून ठेवलेल्या झाकणावर बसले. बसले ते बसलेच. एकदा म्हणाले, "बघितलंस ना गो तू?"

"बघितलं, मामंजी."

दिगूला वर काढला तेव्हा भरती लागली होती.

माझा नवरा वाचला. पंधरा दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. पुढं तीस वर्षं जगला, डोकेदुखी घेऊन. त्या दिवसाबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सासूबाईंनी तेरावं झाल्यावर मला एकच वाक्य ऐकवलं. "आपला तेवढा वर काढलास." मग बोलणं बंद. सात वर्षं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असायचो, तरी त्या भिंतीला सांगायच्या, "त्या बाईला म्हणावं मीठ संपलंय." मीही भिंतीलाच म्हणायचे, "बरणीत आहे म्हणावं." भिंत बिचारी दोघींचं ऐकायची.

गावात म्हणत होते, बाई लाँचवर चढली म्हणून झालं. आधी झालं आणि मग चढली, हे कुणी मोजत नव्हतं.

आणि मामंजी. ते समुद्रावर पुन्हा गेले नाहीत. दिवस कलला की पडवीत जाळं घेऊन बसायचे, फाटलेलं शिवायला. मी तांदूळ निवडायला शेजारी बसले की खाली बघून म्हणायचे, "सूनबाय, सांग."

मी सांगायचे. दिगू कसा पडला होता. कुशीवर, झोपल्यासारखा. गालाखाली हात. तोंडावर त्रास नव्हता, मामंजी. हसतच होता जरासा, रेड्याची गोष्ट आठवत असावा.

"काल तर डाव्या कुशीवर म्हणालीस. आज उजव्या?"

"डावीच. माझ्या बाजूनं उजवी."

"हां." आणि सुई पुढं चालायची. "मग? डोळे कसे होते?"

रोज. पावसाळा असो, सण असो. मी रोज एक नवीन बारकावा घालायचे, जुना विसरायचे नाही. मला कुणी विचारतं, एवढ्या थापा मारायला कुठं शिकलीस? तिथं शिकले. त्याआधीच्या नुसत्या पोरखेळाच्या होत्या.

सातव्या वर्षी, दिगूचं श्राद्ध झालं त्या संध्याकाळी, सासूबाई पडवीच्या दारात बांगडे साफ करत बसल्या होत्या. मामंजी म्हणाले, "सूनबाय, सांग." मी तोंड उघडलं आणि सासूबाईंनी हातातली सुरी पाटावर आपटली.

"विचारा तिला!" भिंतीला नव्हे, नवऱ्याला म्हणाल्या. "सात वर्षं ऐकतेय. गालाखालचा हात दिसला हिला, हसणं दिसलं, पापणी दिसली. एवढं दिसलं तर माझा पोर वर का नाय काढला? विचारा!"

मला काय दिसलं होतं ते सांगते आता. खणाच्या तोंडातून उन्हाचा एक चौकोन आत पडला होता. त्यात माझ्या नवऱ्याची पाठ होती. तिच्यापलीकडे काळोख. डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा. दिगू मला दिसलाच नाही. गेला की होता, देव जाणे. आणि त्या काळोखात, मी डोकं आत घातलं तेव्हा, एक पाटी घसरल्यासारखा आवाज झाला. नुसती मासळी घसरली असेल. मी तेच म्हणते. मासळी घसरली असेल. बॅटरी खाली होडीत होती, नव्या सेलांची, माझ्या हाताशी होती ती. मी ती घेऊन चढले नाही, आणि धोंडूला आणायलाही सांगितली नाही. दिगू हलताना दिसला असता, तर मामंजींना मी थांबवू शकले नसते. आणि स्वतःलाही.

मी दिगूला खरं सांगितलं, ते त्यानं ऐकलं नाही. मामंजींना खोटं सांगितलं, ते त्यांनी ऐकलं.

पडवीत मामंजींनी सुई जाळ्यात खोचली.

"हिनं नाय बघितलं," ते म्हणाले.

माझ्या सुपातले तांदूळ हलायचे थांबले.

"काळोख होता खणात. हिला काय दिसणार? मी बघितलं. ही चढायच्या आधीच मी वाकून बघितलं होतं. माझ्याकडं बॅटरी होती. उजेड टाकला. गेला होता पोर. हिला मीच सांगितलं, मोठ्याला काढू. ही सात वर्षं माझं ओझं वाहते आणि तू हिला भिंतीकडून मीठ मागतेस."

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मग त्यांच्याकडे.

"तुम्ही बघितलं?"

"बापानं बघायचं नाय तर कुणी?"

त्यांना ठाऊक होतं बॅटरी कुठं होती. त्यांनीच मागवली होती. मग मला कळलं, मला दिगू दिसलाच नव्हता हे त्या दिवशी झाकणावर बसल्या बसल्याही त्यांना ठाऊक होतं. तरी ते बसले होते.

सासूबाईंनी बांगड्यावर हात फिरवला आणि खाली मान घालून म्हणाल्या, "द्वारके, मीठ दे गो."

मी उठले. बरणी घेऊन परत येते तर मामंजींनी हात वर केला, मला दारातच थांबवायला. त्यांची हनुवटी हलत होती.

"सूनबाय," ते म्हणाले, "तोंड फिरव."

मी बरणी छातीशी धरून भिंतीकडे बघत उभी राहिले. मागून आवाज येत होता तो येऊ दिला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तांदूळ घेऊन बसले. मामंजी जाळं शिवत होते. मी वाट बघत होते "सांग" म्हणायची. दोन गाठी मारून झाल्या, तीन झाल्या.

"ती देवमाशाची सांग," ते म्हणाले.

"कुठली?"

"होडीला पाठ घासून गेला तो. दिगू विचारत होता ना तुला, किती मोठा होता. मी वर ऐकत होतो."

मी खूप दमले होते. थाप सुचेना. म्हटलं, "कसला देवमासा, मामंजी. लाकडाचा ओंडका होता. भरतीनं आलेला."

"हॅट्!" ते जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले. "नीट सांग."

मग मी नीट सांगितली.